घाम न येणारी पोरं

निलंग्याजवळच्या खेड्यात मल्लम्माला दोन पोरं झाली, दोन्ही घाम न येणारी. केस विरळ, दात मोजके, आणि ऊन लागलं की अंग तव्यासारखं तापायचं. ती त्यांना दगडमातीच्या गार घरात ठेवायची, सदरे भिजवून अंगात घालायची. तशीच पोरं वाढत होती.

भूकंपात ते घर पडलं. घरातली माणसं वाचली म्हणून लोक तिला नशीबवान म्हणाले. राहायला पत्र्याची शेड मिळाली. ऊन वाढायला लागलं तशी ती मदत वाटणाऱ्या साहेबांकडे गेली.

"पोरांना घाम येत न्हाई, साहेब. झाडाखाली तंबू तरी द्या."

"उकडतंय सगळ्यांनाच, बाई," साहेब म्हणाले.

वैशाखात धाकटा वीरेश शेडमध्ये तापानं फणफणला आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेला.

थोरला राजशेखर पुढं लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला लागला. सुट्टीत घरी आला तेव्हा क्लासात शिकलेलं बापाला सांगू लागला, "आप्पा, घाम न येण्याचा हा आजार आईकडून मुलाला येतो. तुमच्याकडून न्हाई."

मलप्पा बायकोकडं न बघताच म्हणाला, "म्हंजी वीरेशला तूच खाल्लंस."

"पत्र्यानं खाल्लं त्याला," मल्लम्मा म्हणाली. "मी सदरे भिजवत होते."

त्यानंतर मलप्पा तिच्या हातचं जेवत राहिला, पण बोलला तो गरजेपुरतंच. राजशेखरनं तो विषय पुन्हा काढला नाही, आणि आपलं चुकलं असंही कधी म्हणाला नाही.