लिस्बनच्या धक्क्यावरचा काशिनाथ

काशिनाथ ठाकूर यांचे श्रावणातल्या पहिल्या मंगळवारी सकाळी पेणच्या एका खासगी रुग्णालयात हृदयविकाराने निधन झाले. ते सदुसष्ट वर्षांचे होते. बातमी त्यांचा धाकटा भाऊ रामदास याने फोनवर दिली. "दादा गेला," एवढेच तो म्हणाला. फोन मात्र चालू राहिला... मागे कुणीतरी ॲम्ब्युलन्सवाल्याला त्यांच्या गावाचा, कासूचा, रस्ता समजावत होते. पेणच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसत असू, म्हणून यापुढे एकेरीत लिहितो.

धाटावच्या एका रासायनिक कंपनीच्या गेटवर, टाइम ऑफिसात, काशिनाथने नोकरीची सगळी वर्षे काढली. कासूहून गाडीने रोहा, तिथून कंपनीची बस. कामगार आपले कार्ड यंत्रात पंच करून आत जायचे आणि काशिनाथ खिडकीत बसून पाहायचा. चेहऱ्यांचा त्याला उपयोग नसे. तोंडाला फडके, डोक्यावर हेल्मेट, पावसाळ्यात वरून रेनकोट. तो चाल पाहायचा. एकाने दुसऱ्याचे कार्ड पंच करून त्याची हजेरी लावणे हा तिथला जुना उद्योग होता आणि काशिनाथ खिडकीत असला की तो फसायचा. "काय रं, कार्ड म्हात्र्याचं नि चाल पाटलाची? म्हात्रे कधीपासून बदकासारखा चालायला लागला?" असे तो आतून ओरडायचा. रांग हसायची, पाटीलही हसायचा. हे कसे जमते असे विचारले तर त्याचे उत्तर ठरलेले असे. "त्यात काय हाय? गेट एकच हाय. माणूस कुठं पण राहो, शिफ्टला माझ्यासमोरून जाणारच."

त्याला दोन मुले. ज्योती मोठी, तिला पेणमध्येच दिली. नीलेश धाकटा. लहानपणी खाडीचे पाणी अडवणाऱ्या खारबंदिस्तीच्या बांधावरून पडल्यामुळे त्याचा उजवा पाय चालताना किंचित बाहेर पडायचा. हॉटेलच्या कामाचा कोर्स करून तो प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात लागला. दुसऱ्या फेरीत जहाज लिस्बनला थांबले असताना तो सुटीवर शहरात उतरला आणि जहाज सुटायच्या वेळी परत आला नाही. आठवड्याभराने त्याचा घरी फोन आला. "मी बरा हाय. इथंच काम बघतोय. आयला सांगा, काळजी नको करू." त्यानंतर आणखी एक फोन आला, तो वनिताने, म्हणजे त्याच्या आईने, घेतला. पुढे तो नंबर बंद झाला. तिथल्या पोलिसांकडे चौकशी झाली. नीलेश रुग्णालयात नव्हता, तुरुंगात नव्हता, बेवारस मृतदेहांतही नव्हता. एवढीच माहिती मिळाली आणि ती पुढे कधी वाढली नाही.

बारा वर्षे अशी गेली. वनिता पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायची, ती जात राहिली. काशिनाथ निवृत्त झाला. बारावे वर्ष सरताना रामदासने घरात विषय काढला. ज्याची बारा वर्षे खबर नाही त्याचा पळसाच्या पानांची प्रतिमा करून अंत्यविधी करतात, तो करून टाकावा असे त्याचे म्हणणे होते. "दादा, पोराचा जीव अडकून ऱ्हायलाय. मोकळा कर त्याला." वनिता म्हणाली, "अगोदर तुम्ही जाऊन बघून या. मग काय ते करू. मी काय नाय म्हणत नाय."

म्हणून कासूचा काशिनाथ ठाकूर, ज्याने तोवर विमान फक्त आकाशात पाहिले होते, एकटा लिस्बनला गेला. व्हिसा पर्यटकाचा होता. अर्जासोबत कोणकोणती स्थळे पाहणार हे लिहून द्यावे लागले होते, ते ज्योतीच्या नवऱ्याने इंटरनेटवरून उतरवून दिले. काशिनाथने पहिले दिवस ती स्थळे पाहण्यात घालवले. मी फोनवर म्हटले, तुला कुणी विचारायला येणार नाही. "अरे, लिहून दिलंय ना सरकारला? मग बघायलाच पायजे," तो म्हणाला. नदीकाठचा बुरूज त्याने पाहिला, मठ पाहिला, उघड्या टपाच्या बसमधून माहिती सांगणारी नळी कानाला लावून फिरला. बुरुजाबद्दल त्याला एकही गोष्ट सांगता आली नाही. बुरुजाच्या रांगेत उभ्या माणसांबद्दल तो अर्धा तास बोलला. नवरा-बायको भांडून एकमेकांकडे पाठ करून उभे होते, पण छत्री एकच असल्यामुळे लांब जाऊ शकत नव्हते. एक म्हातारी प्रत्येक पायरीवर थांबून मागच्याला पुढे जा म्हणत होती आणि तो गेला की त्याच्यावर चिडत होती. "आपल्या स्टँडवरचीच माणसं रे. कपडे तेवढे वेगळे."

आपल्याकडचे लोक राहतात त्या चौकात त्याने नीलेशचा फोटो दाखवला. तिथे एका बांगलादेशी दुकानदाराने त्याला चहा पाजला आणि हिंदीत सांगितले, "चाचा, फोटो पुराना है. बारह साल में तो मैं भी अपने फोटो जैसा नहीं रहा." काशिनाथला त्यात नवे काही वाटले नाही. चेहऱ्यावर त्याचा भरवसा आधीपासूनच नव्हता.

स्थळे संपल्यावर त्याने आपली पद्धत सुरू केली. नदीपलीकडच्या वस्तीतून रोज हजारो माणसे बोटीने कामाला शहरात येतात आणि संध्याकाळी परत जातात. बोटी लागतात त्या धक्क्याबाहेर एक बाक होता. काशिनाथ सकाळी त्या बाकावर बसू लागला, दुपारी ब्रेड खाऊन पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. काम करणारा माणूस शिफ्टला जाणार आणि शिफ्टवरून सुटणार, हा त्याचा हिशेब होता. रोह्याच्या स्टँडवर आठवडाभर बसले तर तालुक्यातला जवळजवळ प्रत्येक माणूस एकदा तरी दिसतो. त्या शहराला रस्ते, पूल, मेट्रो, बस मिळून किती गेट आहेत हे त्याला कळत नव्हते असे नाही. तरी तो बाकावरून हलला नाही.

रोज मला त्याचा फोन यायचा, त्यात त्या दिवशी दिसलेली माणसे. उंच टाचांचे बूट पिशवीत घेऊन धावत येणारी आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून ते घालणारी बाई. भाजलेले चेस्टनट विकणारा, जो गिऱ्हाईक नसताना स्वतःच खात असे. झाडूवाली, जी चौथ्या दिवसापासून त्याला नमस्कार करू लागली. चालींवरून त्याने अनोळखी लोकांना आपल्याकडची नावे दिली होती. "आज आपला बॉयलरवरचा मोरे गेला. हातात कुत्रा होता." दुसऱ्या दिवशी, "आज मोरेनं कुत्रा नाय आणला. कुत्र्याची रजा असंल." बारा वर्षांत त्याला इतका हसताना मी ऐकले नव्हते. माणसे पाहण्यात त्याला खरा आनंद होता, आणि तो आनंद त्याला तिथे, त्या कामासाठी बसलेला असताना मिळत होता. त्याचे त्याला वाईट वाटत असावे. एकदा बोलता बोलता तो मध्येच थांबला... "मी इथं मजा करायला नाय आलो," असे म्हणाला आणि फोन ठेवला.

परतीच्या चार दिवस आधी, संध्याकाळच्या गर्दीत, त्याला ती चाल दिसली. उजवा पाय किंचित बाहेर, डावा खांदा जरा खाली. पाठमोरा माणूस मेट्रोच्या जिन्याकडे निघाला होता. काशिनाथ मागे धावला. जिन्यावर त्याने "नील्या" अशी हाक मारली. माणसाने वळून पाहिले नाही, म्हणून त्याने दंडाला धरले. तो पन्नाशीचा, पिकल्या मिशांचा गोरा माणूस होता. त्याने काशिनाथला भिंतीशी नेऊन उभे केले, आपल्या बाटलीतले पाणी दिले आणि काहीतरी विचारत राहिला. शेवटी काशिनाथच्या खांद्यावर थोपटून खाली उतरून गेला.

त्या दिवशीचा फोन छोटा होता. "चाल त्याचीच होती. माणूस दुसरा होता." मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, "अरे, मी त्याची जुनी चाल शोधतोय. बारा वर्षं उभ्यानं काम केलेल्या माणसाची चाल तीच कशी राहील? तो माझ्या समोरून गेला पण असंल. रोज गेला असंल... मला काय कळणार?" उरलेले दिवस तो खोलीबाहेर पडला नाही. झाडूवालीला सांगून यायचे राहिले, असे मात्र त्याने नंतर सांगितले.

कासूला तो परतला तेव्हा रामदासने गुरुजींशी बोलून ठेवले होते. त्या दुपारी मी तिथे होतो. वनिताने पाणी आणून दिले आणि विचारले, "दिसला?"

"नाय."

"मग करायचं का?"

"नाय."

"का नाय? बघून आलात ना?"

"बघून आलो, पण माझ्या नजरेतून तो सुटला नाय असं मी सांगू शकत नाय. गैरहजर लावता येतो, वनिता. मयत कसा लावू?"

रामदास म्हणाला, "दादा, हे तुझं कंपनीचं गेट नाय." काशिनाथने त्याच्याकडे पाहिले नाही. वनिता उभी होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "मला रडायचं हाय हो. बारा वर्षं मी रडले नाय. रडले तर त्याला मारल्यासारखं व्हईल म्हणून. तुमचं गेट बंद करा ना आता." काशिनाथ उठून मागच्या पडवीत गेला. ज्योती आईला म्हणाली, "आये, बस गो." वनिता बसली नाही. ती पेणची बस पकडून कारखान्यात गेली. माघी गणपती महिन्यावर आले होते.

त्यानंतर तीन पावसाळे तो जगला. घराच्या ओट्यावरून स्टेशनकडे जाणारा रस्ता दिसतो. त्याने आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केले होते. गाडी सुटल्यावर लोक समोरून जात, हाक मारत, तो आवाजावरून उत्तर देई. धाटावचे जुने सहकारी भेटायला आले तर त्यांच्यापैकी एखादा मुद्दाम दुसऱ्याची नक्कल करत अंगण ओलांडायचा, "सांगा साहेब, कोण?" म्हणायचा. काशिनाथ मान वर करायचा नाही. नवरा-बायको एकमेकांशी बोलत, जेवण, औषध, वीज गेली-आली एवढे. नीलेशचे नाव कुणी काढत नसे. रामदासने तो विषय पुन्हा काढला नाही. शेवटच्या आठवड्यात रुग्णालयात मी त्याला भेटलो तेव्हा त्याने फक्त, पाऊस आहे का, एवढे विचारले. होता.

अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर ठरवायला आम्ही ओट्यावर बसलो होतो. पश्चात कोण कोण, असे विचारायची वेळ आली. रामदास वनिताकडे पाहून म्हणाला, "वहिनी, नीलेशचं नाव टाकायचं?" ती म्हणाली, "नको. ज्यांनी ठेवला होता ते गेले." त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगी, जावई, नात आणि भाऊ असा परिवार आहे, असे छापून आले.

तेराव्यानंतरच्या अमावास्येला कासूच्या खाडीकाठी नीलेशचा विधी झाला. पाऊस थांबला होता. पळसाची पाने ज्योतीच्या नवऱ्याने नागोठण्याच्या बाजूने आणली होती. पाने मांडण्याआधी गुरुजींनी मुलाची उंची विचारली. रामदासने अंदाजाने हात वर केला. वनिताने त्याचा हात धरून थोडा खाली आणला. ज्योतीने अग्नी दिला. वनिता मोठ्याने रडली. विधी दुपारपूर्वी आटोपला.