लॉकरसाठी वाचलेला विमा

मुलीचं बाळंतपण पुण्याला होतं आणि आमची गाडी परवाची. हिनं हट्ट धरला, पाटल्या आणि पोत लॉकरात गेल्याशिवाय मी घराबाहेर पाय टाकणार नाय. हर्सूलला आमच्याच गल्लीत नुकतंच एक बंद घर फोडलं होतं, त्यामुळं मीही बँकेची वाट धरली. डबा पदराखाली धरून ती बँकेत बाकावर बसली आणि मी मॅनेजरपुढं.

मॅनेजर तरणा, बोलायला गोड. "लॉकर आहे काका. पण सोबत एक विमा घ्या."

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी माझा विमा कोण काढतंय?"

"मुलाच्या नावानं काढू."

मी म्हणालो, "साहेब, बँकेनं कर्ज द्यावं, व्याज घ्यावं. हे दुकान कधी मांडलं?"

त्यानं आवाज खाली आणला. "खरं सांगू? सरकार उद्या कोणता कर लावील, व्याजदर वर जाईल का खाली, कुणालाच ठाऊक नाही. चिकलठाण्याचे कारखानदार म्हणतात, थांबू, बघू. कर्जच उचलत नाहीत, तर व्याज कुठून येणार? वरून फोन येतो, विमा विका, कमिशन आणा."

मला त्याची कीव आली. तरी सही म्हणजे सही. मी चौथी शिकलोय, पण कारखान्यात तीस वर्षं मोठ्यानं वाचल्याशिवाय एका कागदावर सही केली नाय. मनात वाचलेलं मला कळत नाय. मराठी फॉर्म मागून घेतला, ओळीखाली बोट धरलं आणि सुरू केलं.

तिसऱ्या पानापर्यंत मागं सहा जण उभे राहिले. "मध्येच हप्ता थांबवल्यास भरलेली रक्कम परत मिळणार नाही," ही ओळ आली. शेजारच्या टेबलावर एक दाढीवाले गृहस्थ तोच फॉर्म भरत होते. त्यांचं पेन थांबलं.

"चचा, वो लाइन फिरसे पढो जरा."

मी पुन्हा वाचली, सावकाश. त्यांनी पेन खिशाला लावलं आणि सलाम करून चालते झाले.

मॅनेजरनं विचारलं, "काका, अजून किती पानं?"

"अकरा."

त्यानं फॉर्म माझ्या बोटाखालून हळूच ओढून घेतला. "विमा राहू द्या. लॉकर देतो."

लॉकरचं भाडं मात्र त्याच महिन्यापासून वाढलेलं. तोही कागद मी मोठ्यानं वाचला आणि भरलं.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "एवढा घसा कोरडा केला, भाडं तर एका रुपयानंही उतरलं नाय."

"विमा तर टळला."

"व्हय. आता पुण्यात जावयाच्या घरी काही वाचायला घेऊ नका म्हंजे झालं."