यशोदाचा पाडा शोधताना

पुण्याहून सकाळच्या एस.टी.ने नाशिकला उतरले, ती परीक्षक म्हणून. तिथला एक लहान गट वकील आणि समाजसेवक यांची जोडी करून मुलांच्या बाजूने उभा राहत असे. त्या जोडीचा खरंच उपयोग होतो का, हे त्या गटाला पैसे देणाऱ्या आमच्या न्यासाला पाहायचं होतं. मला शंकाच होती.

कार्यालयात वकील नलिनीताई आणि समाजसेवक, पेठकडचे काशिनाथभाऊ निघायच्या घाईत होते. प्रकरण आठ वर्षांच्या यशोदाचं होतं. वर्षापूर्वी नाशिकच्या बसस्थानकावरच्या गर्दीत ती आईपासून चुकली आणि बालगृहात पोचली. पत्ता म्हणून ती एवढंच सांगे, आंब्याचा पाडा (पाडा म्हणजे डोंगरातली लहान वस्ती). दुसऱ्या दिवशी बालकल्याण समिती तिला दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत पाठवणार होती. पोर पेठच्याही पलीकडची आहे, हे काशिनाथभाऊंनी तिच्या बोलीवरून ओळखलं होतं. त्या नावाचे दोन पाडे पाहून झाले होते, तिसरा उरला होता. मीही जीपमध्ये बसले.

घाटापुढे रस्ता संपला. भाताची सोंगणी (कापणी) उरकली होती. ओढा ओलांडताना माझ्या चपलेचा पट्टा तुटला, मग उरलेली चढण अनवाणीच. पाड्यावर दारोदार बोचकी बांधलेली. दोन दिवसांनी सगळे पिंपळगावच्या द्राक्षबागांत कामाला जाणार होते.

काशिनाथभाऊंनी पहिल्याच दारात यशोदाचं नाव घेतलं. भाकरी थापणारी बाई उठून उभी राहिली. हाताला नागलीचं (नाचणीचं) पीठ तसंच.

"जिती हाय का?" तिने विचारलं.

"जिती हाय. उद्या भेटवतो."

ती यशोदाची आई, हिराबाई. मग सांगू लागली. तीन दिवस तिने स्थानकावर शोधलं होतं. मूल सरकारी घरात असू शकेल, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तोवर नलिनीताईंनी रेशनकार्डावर यशोदाचं नाव पाहिलं, गुरुजींकडून शाळेचा दाखला आणला आणि ओट्यावरच अर्ज लिहून हिराबाईचा अंगठा घेतला. परतताना तिने आम्हाला गरम भाकरी आणि मिरचीचा ठेचा खायला घातल्याशिवाय सोडलं नाही, आणि मग तीही आमच्याबरोबर नाशिकला निघाली.

दुसऱ्या दिवशी समितीच्या अध्यक्षबाईंनी कागद दोनदा वाचले, काशिनाथभाऊंना घराबद्दल बारीकसारीक विचारलं, आणि यशोदाला आत बोलावलं.

"या कोण, बाळ?"

बालगृहात राहून ती शहरी मराठी शिकली होती. पण आईला पाहताच तिची बोली परत आली. "माझी आय हाय," ती म्हणाली, आणि आईकडे वळली, "लय येळ लावलास."

हिराबाईने तिला पोटाशी धरलं. नलिनीताई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. आदेशावर त्याच दुपारी सही झाली आणि मायलेकी पेठच्या गाडीत बसल्या. यशोदा एकसारखी बोलत होती.

परतीची गाडी सिन्नरला थांबली तेव्हा मी टिपणं काढली. काशिनाथभाऊंशिवाय पाडा सापडला नसता, आणि नलिनीताईंशिवाय सापडलेली आई समितीपुढे आई ठरली नसती. अशा जोड्या प्रत्येक तालुक्याला हव्यात, अशी शिफारस मी केली. परीक्षकाने अहवालात आनंद लिहायचा नसतो. तो इथे लिहिला.