आता मुसळ पडेल हं

तात्या इतकं हळू बोलत, की भाजीवालासुद्धा टोपलीवरून पुढे वाकून "काय म्हनला काका?" असं विचारी. तात्या म्हणजे माझे काका. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून गेली. दिवसभर जगाची ओरड कानात आणि स्वतःचा आवाज मात्र कुजबुजीपुरता, अशी त्यांना सवयच जडली होती. ट्रंककॉलवर लोक बेंबीच्या देठापासून ओरडायचे, त्याची आठवण काढून ते म्हणत, "अरे, मोठ्याने बोलून नागपूर जवळ येत नाही." घरातसुद्धा ते बशीत कप ठेवायचे तो आवाज न करता. कान मात्र विलक्षण तिखट. जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं ते दार उघडण्याआधी सांगत आणि सहसा चुकत नसत.

काकूच्या दुखण्यामुळे त्या कानांना कायमचं काम लागलं. तिचं हृदय अशक्त झालं होतं. डॉक्टरांनी औषधं दिली आणि बजावलं, हिला दचकू देऊ नका. पण मुंबईतली त्यांची खोली बसच्या रस्त्यावर, दिवसभर हॉर्न आणि ब्रेक. एकेका आवाजासरशी काकूच्या छातीत धडधड सुरू होई, ओठ निळसर पडत, आणि दर वेळी ती थोडी जास्तच खचून उठे. असा कुठला दचका शेवटचा ठरेल, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. म्हणून निवृत्त होताच तात्यांनी मुंबईबाहेर, कामोठ्याच्या नव्या वस्तीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. राहती माणसं कमी आणि अर्धवट बांधलेल्या इमारती जास्त. मी तळोज्याच्या एका कारखान्यात नुकताच लागलो होतो, त्यामुळे त्यांच्या हॉलमधली एक गादी माझी झाली.

सुरुवातीला वरचा फ्लॅट रिकामाच होता. काकू दुपारी चक्क झोपू लागली. पाहुणा आला की तात्या त्याला गॅलरीत नेत, ओठांवर बोट ठेवत आणि थोडं थांबून विचारत, "ऐकलंत?" पाहुणा म्हणे, "नाही बुवा, काहीच नाही." तात्यांचा चेहरा उजळे. त्यांच्या आयुष्यातली ते सगळ्यात सुखाचे दिवस असावेत असं मला आजही वाटतं.

मग वर हिराबाय राहायला आली. जवळच्याच गावातलं आगरी कुटुंब, मुलगा नोकरीला, लेक लग्नाची. हिराबाय मसाला करून विकायची, आणि तोही उखळात कांडून. गिरणीचं नाव काढलं तरी ती फणकारायची, "गिरनीत मसाला तापतो, वास उरून जातो." लोखंडी उखळ आणि मुसळ तिने दुसऱ्या मजल्यावर चढवलं होतं. ते मुसळ पडलं की आमच्या छताचा रंग चहात पडायचा, आणि पलंगावर काकू छाती धरून उठून बसायची.

मी तापट माणूस. "मी वर जाऊन एकदा सोक्षमोक्षच लावतो," म्हणून चपला घालू लागलो. तात्यांनी दंडाला धरून बसवलं. म्हणाले, "भांडणाचा काय कमी आवाज होतो?" सोसायटीतल्या शेजाऱ्यांनीही सल्ले दिले. तात्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि केलं भलतंच. खुर्ची घेऊन ते काकूच्या उशाशी बसले आणि वरच्या घराचा कानोसा घेऊ लागले.

काही दिवसांतच त्यांना वरचं घर पाठ झालं. पाट सरकला की मिरच्या निवडायला बसली. सुपाची फडफड थांबली की मिरच्या उखळात पडल्या. बांगड्या वर सारल्याचा किणकिणाट झाला की लगेच मुसळ. तो किणकिणाट मला कधीच ऐकू आला नाही. तात्यांना यायचा. ते काकूच्या मनगटावर हात ठेवून हलक्या आवाजात सांगत, "आता मुसळ पडेल हं." मग दाणकन ते पडे. काकू डोळे मिटून पडून राही, पण दचकत नसे.

मी थक्क होऊन विचारलं, तर म्हणाले, "आवाजाचं काही नाही रे. तो न सांगता येतो, तेवढंच वाईट. ट्रंककॉल जोडताना आम्ही आधी सांगायचो ना, थांबा, लाइन लागतेय. माणूस तयार असला की वाईट बातमीसुद्धा उभ्याने ऐकतो." त्यानंतर त्यांचं घराबाहेर पडणं जवळजवळ संपलं. बँकेत मी जायचो, दूध मी आणायचो. त्यांची ड्यूटी पुन्हा सुरू झाली होती आणि या वेळी बदली ऑपरेटर कोणी नव्हता.

एका संध्याकाळी त्यांचा अंदाज चुकला. हिराबायच्या लेकीची हळद होती आणि काही सूचना न देता जिन्यातच बँड वाजू लागला. काकूचे ओठ बघता बघता निळे पडले. मला तिच्याजवळ बसवून तात्या वर धावले. त्या ढोलताशात त्यांचा आवाज कोणाला ऐकू जाणार? आणि आगऱ्यांच्या हळदीला दारात आलेला माणूस कोरडा परत जात नाही. तात्या खाली आले तेव्हा कपाळ, गाल, चष्म्याची काचसुद्धा पिवळी, आणि हातात तांदळाच्या भाकऱ्या. "मी सांगितलं गं त्यांना," एवढंच ते बिचाऱ्या चेहऱ्याने म्हणाले. काकू त्या अवस्थेतही हसली आणि हसता हसता तिला धाप लागली. बँड वाजतच होता.

लग्न पार पडल्यावर हिराबाय लाडू घेऊन खाली आली आणि पलंगावरची काकू पाहून दारातच थबकली. सगळं कळल्यावर ती तात्यांवरच चिडली. "दादा, तुमी आदी का नाय बोल्लाव? आमी काय मानसं नाय?" तिचे डोळे भरून आले होते. दुसऱ्या दिवसापासून वरचं घर मुकं झालं. मुसळ बंद, पाट बंद, माणसं अनवाणी चालू लागली.

आम्हाला वाटलं, सुटलो. पण झालं उलटंच. जपून वागणाऱ्या माणसांच्या हातून काय कधी निसटेल त्याचा नेम नसतो. कधी तवा पडे, कधी दार आपटे, आणि आधी कसली चाहूल नाही. तात्यांचे कान निकामी झाले. काकू डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडून राहू लागली. शेवटी तात्या पुन्हा वर गेले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्ही पूर्वीसारखा मसाला कांडा. फक्त आधी एक हाक मारा."

त्यानंतर रोज गॅलरीतून हाक येऊ लागली, "दादा, कांडतंय हां! वयनीला सांगा!" तात्या गॅलरीत जाऊन मान वर करून म्हणत, "हो, सांगतो तिला." मग आत येऊन काकूच्या मनगटावर हात ठेवत. हिराबाय तेवढा वेळ मुसळ हातात धरून थांबलेली असे. त्या हाकेवर काकूने पुढचा हिवाळा काढला, उन्हाळाही काढला.

ती गेली तेव्हा मी कामावर होतो. हाक आली होती, तात्यांनी सांगितलं होतं, तिने मान हलवली होती. कांडणं संपलं तरी तिने डोळे उघडले नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तात्या एकच वाक्य सांगत, "दचकून नाही गेली हो." हिराबायने दुखवट्यात आमच्या घरी जेवण पाठवलं. दिवस झाले, तरी तिने उखळाला हात लावला नाही. तात्या मात्र पलंगाशेजारच्या त्याच खुर्चीत बसून राहत, मान किंचित वर करून. मला ते बघवत नसे. मला आता त्यांचीच काळजी वाटू लागली होती.

मग सुट्टीच्या एका सकाळी, सवयीनेच असेल, वरून हाक आली, "दादा, कांडतंय हां! वयनीला..." आणि हिराबायचा आवाज मध्येच तुटला. मी गॅलरीकडे धावलो, पण तात्या माझ्या आधी पोचले होते. त्यांनी मान वर केली आणि त्यांच्या त्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "हो, सांगतो तिला."

ते आत गेले, रिकाम्या पलंगाच्या उशाशी बसले, आणि चादरीवर हात ठेवून म्हणाले, "आता मुसळ पडेल हं."

वर बराच वेळ कोणीतरी नाक ओढत होतं. मुसळ काही पडलं नाही.