तिसऱ्या दिवशीचं रक्त

खराडीच्या ऑफिसातून घरी येताना माझ्या नवऱ्याची मोटारसायकल हडपसरजवळ घसरली. डोक्यावर हेल्मेट होतं. स्कॅनमध्येही फारसं काही दिसलं नाही, म्हणून थोडक्यात निभावलं असं मी सगळ्यांना फोन करून सांगितलं. पण ते डोळे उघडेनात.

डॉक्टरबाई रोज त्यांचं रक्त तपासायला पाठवत. मेंदूच्या पेशी तुटल्या की त्यांतलं एक प्रोटीन रक्तात येतं, असं त्यांनी आम्हाला समजावलं. ते दिवसेंदिवस उतरायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी ते आणखी वाढलं.

सासूबाईंचा जन्म शेतात गेलेला. त्यांनी हात जोडले. "बाई, ते कमी करायचं औषध हाय ना? मग द्या की."

"आजी, ते कमी करून उपयोग नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आत किती मोडलंय, एवढंच ते सांगतं." मग माझ्याकडे वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "जागे होतील बहुतेक. पण पूर्वीसारखे होतील अशी आशा धरू नका."

मला त्यांचा भयंकर राग आला. नळीभर रक्तावरून माझ्या माणसाचं भविष्य सांगणाऱ्या या कोण?

पाच आठवड्यांनी त्यांनी डोळे उघडले. आता ते घरी आहेत. चालतात, जेवतात, आईला ओळखतात. मला मात्र अदबीनं विचारतात, "अहो, आपण कोणाकडे आलात?"

सुरुवातीला मी लग्नाचे फोटो दाखवायचे. हल्ली नुसतं नाव सांगते आणि चहा पुढे ठेवते.