सरजाबाईची दाळ

सरजाबाईचा जीव आठ दिवसांपासून जळत होता. कुणी विचारलं असतं तर मात्र म्हणाली असती, "छ्या! मला काय करायचंय?" कंधारजवळच्या त्यांच्या गावात बचतगटानं स्पर्धा ठेवली होती. कमी सरपणात, कमी कचऱ्यात घर कोण चालवतं ते बघायला नांदेडहून आलिया मॅडम येणार होत्या. आणि गावानं नाव पुढं केलं ते कुणाचं? तिच्या धाकट्या जावेचं, उज्वलाचं!

अहो, ही उज्वला नवी नवरी होती तेव्हा राखेनं भांडी घासायला नाक मुरडायची. राखेची वाटी तिच्या हातात दिली कुणी? सरजाबाईनं. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या, भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, पंगतीला पळसाच्या पत्रावळी, हे सगळं सरजाबाई अडतीस वर्षं करत आली होती. तेव्हा गाव तिला चिकट म्हणायचं. आता तेच उज्वलानं मोबाइलवर दाखवलं, तर म्हणे पर्यावरण! आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

स्पर्धेच्या दिवशी ती समाजमंदिरात गेली, कारण गेली नसती तर बायांनी नावं ठेवली असती. बसली मात्र पार मागं, भिंतीला टेकून.

उज्वला गोधडीतली दाळ करून दाखवणार होती. तुरीची दाळ चुलीवर थोडा वेळ खळखळ उकळायची, पातेलं झाकून दुरडीत ठेवायचं, वरून गोधडी घट्ट गुंडाळायची. दोन तासांत दाळ आतल्या वाफेवर लोण्यासारखी मऊ होते, सरपण निम्म्याहून कमी लागतं. ही रीतही सरजाबाईनं माहेराहून आणलेली.

उज्वलानं दाळ धुतली अन् दारातल्या बोअरच्या नळाखाली पातेलं धरलं. सरजाबाई ताठ झाली. बोअरचं पाणी खारं. त्या पाण्यात दाळ कुकरलासुद्धा दाद देत नाही! घरात दाळीसाठी ती रोज पहाटे मळ्यातल्या विहिरीची एक घागर आणून ठेवायची. उज्वलाला घागर कायम भरलेली दिसली. कुठलं पाणी, ते तिनं कधी विचारलं नाही अन् सरजाबाईनंही कधी सांगितलं नाही.

तेवढ्यात उज्वलानंच मागं वळून विचारलं, "आक्का, बराबर करून राहिले ना मी?"

सरजाबाईच्या जिभेवर विहीर आली होती. तिनं ती गिळली.

"हाव. लई बराबर," ती म्हणाली. खोटं कशाला बोला, आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्या काळजाला गार वाटलं.

दाळ उकळली, पातेलं गोधडीत गेलं. भाषणं झाली, चहा झाला, दोन तास गेले. मग उज्वलानं माइक घेतला.

"मॅडम, यातलं माझं काहीच न्हाई. समदं आमच्या आक्कानं शिकवलं. मी आधी हसायचे तिला. बक्षीस भेटलं तर तिच्या नावानं द्या. आक्का, या हिकडं. दाळ तुमची, झाकण तुम्हीच काढा."

बायांनी टाळ्या वाजवल्या. आलिया मॅडम हात जोडून उभ्या राहिल्या. "सरजाबाई, आईये ना, या!" अख्ख्या गावासमोर तिचं नाव पहिल्यांदा असं मानानं घेतलं गेलं होतं. आणि ती भिंतीपासून हलेना. शेजारच्या दोघी बायांनी तिला दंडाला धरून पुढं आणलं.

तिनं गोधडी सोडली. तिच्याच लग्नातल्या लुगड्याची होती ती. झाकण काढलं. वर पिवळं पाणी, खाली टणक दाळ. मॅडमनी एक दाणा चिमटीत दाबून बघितला अन् पुन्हा पातेल्यात टाकला. टाळ्या कधीच थांबल्या होत्या.

उज्वलाचे डोळे भरून आले. ती सरजाबाईच्या कानाशी वाकली.

"आक्का, काय चुकलं वो माझं?"

सरजाबाईनं झाकण पुन्हा पातेल्यावर ठेवलं.