पडद्याचा मोतीबिंदू

अनगोळातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करते. आमच्याकडची पत्रिका एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला कानडी. पाहुणे दोन्हीकडचे आणि मान दोघांनाही लागतो. तळाला बारीक अक्षरांत भाऊबंदांची नावं. एक जरी नाव सुटलं तरी तो भाऊबंद मांडवात पाऊल टाकत नाही.

जुना डबडा मॉनिटर गेला आणि सपाट, रुंद पडदा आला. सून मला आत्या म्हणते. आत्यांना सगळं मोठं दिसावं म्हणून तिनं मायेनं त्याचं रिझोल्यूशन उतरवून ठेवलं. मोठं दिसलं खरं, पण अक्षरांच्या कडा पुसट झाल्या. मी कुरकुरले, तर घरात एकमतानं निकाल लागला: मोतीबिंदू. सुनेनं डॉक्टरांची वेळ घेतली आणि पत्रिकांचं आता मी बघते, तुम्ही आराम करा, असंही वर सांगितलं. मला असा संताप आला की पुढ्यातला चहा तसाच गार झाला. कॉम्प्युटरपुढची ती खुर्ची सुटली की मी घरात नुसती शेंगा फोडत बसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी एक छापील पत्रिका उचलून पडद्याला लावून धरली. कागदावरचा तळातला चुलत चुलता मी स्वच्छ वाचला. शेजारी पडद्यावर तोच चुलता धुक्यात. डोळे तेच, अंतर तेच. मग आजारी कोण?

सेटिंगमध्ये शिरून, वाचून बघितलं. सपाट पडद्यावरचं चित्र ज्या ठिपक्यांनी बनतं, ते कारखान्यातच कायमचे बसवलेले असतात. रांगोळीचे ठिपके एकदा मांडल्यावर त्यांवर भलत्याच मापाची नक्षी काढली, तर रेघ दोन ठिपक्यांच्या मध्ये पडते आणि सगळं फिसकटतं. इथं तेच चाललं होतं. मी पडद्याला त्याचं मूळ माप परत दिलं. अक्षरं मुंगीएवढी झाली, पण कडा लख्ख. मग रिझोल्यूशनला हात न लावता नुसती अक्षरं वाढवली.

सुनेला बोलावून दाखवलं.

"तरी एकदा डोळं दाखवून घ्या की, आत्या."

"दाखवते की. पण मोतीबिंदू ह्या पडद्याला झालता. माझी खुर्ची मी सोडणार न्हाय."

पुढची पत्रिका आली ती निपाणीची, सुनेच्याच भावाच्या लग्नाची. तिला शेजारी स्टुलावर बसवलं. माहेरची नावं ती सांगत गेली, मी दोन्ही बाजू उतरवत गेले. एकही नाव सुटलं नाही, आणि मी खुर्चीवरून उठले नाही.